पदवीधर आणि शिक्षक मतदार नोंदणी: सेवा कशी आहे आणि नेमकी कुठे अडते

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या मतांवर ठरतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांसाठीच्या १२ जागा राज्यपाल भरतात. तिथे मतदाराला काही काम नाही. म्हणून या १४ जागांची नोंदणी महत्त्वाची, आणि तीच सगळ्यात दुर्लक्षित. फी लागत नाही, नियमही स्पष्ट आहेत. मोठा दोष एकच: यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदावरून सुरू होते. मागच्या वेळी मत दिलं होतं म्हणून यंदा नाव असेलच असं धरून चालू नका. विधानसभेच्या यादीत नाव आहे, यानेही इथे आपोआप नोंद होत नाही.

जाहीर सूचना १ ऑक्टोबरला निघते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्जांची मुदत संपते. दिवाळीही याच सुमारास येते. शिक्षकांच्या अर्जासोबत (नमुना १९) संस्थाप्रमुखाचं सेवेचं प्रमाणपत्र लागतं, आणि शाळा सुट्टीवर गेली की सही-शिक्का मिळत नाही. ते प्रमाणपत्र सुट्टीआधीच हातात घ्या.

पदवीधरांसाठीचा अर्ज म्हणजे नमुना १८. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता मोजायची तारीख, १ नोव्हेंबर. त्याआधी पदवीला ३ वर्षं पूर्ण हवीत. ती मोजायची निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून, पदवीदान समारंभापासून नव्हे. इथे गोंधळ होऊन पात्र माणसं उगीच थांबतात. पदवी कुठून घेतली यापेक्षा तुम्ही सध्या राहता कुठे ते पाहिलं जातं: नागपूरची पदवी आणि पुण्यात वास्तव्य असेल तर नोंद पुणे मतदारसंघात. पदविका (डिप्लोमा) मात्र प्रत्येकच चालते असं नाही.

सर्वाधिक त्रास लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना होतो. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्जासोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडलं नाही, तर अर्ज लटकतो. ही अडचण इतकी सार्वत्रिक आहे की अर्जावरच ठळक अक्षरांत सूचना असायला हवी होती.

नोंदणी अधिकारी विभागीय आयुक्त असले तरी अर्ज तहसील पातळीवर स्वीकारले जातात. प्रमाणपत्राची प्रत साक्षांकित हवी. मूळ कागद सोबत न्या. उमेदवारांचे कार्यकर्ते घरोघरी अर्ज गोळा करतात, पण गठ्ठ्याने आलेले अर्ज घेऊ नयेत असा नियम आहे. एकाच घरातले अर्ज एकत्र देता येतात, संस्थाप्रमुखाला आपल्या कर्मचाऱ्यांचेही देता येतात. बाकीच्यांनी स्वतः जावं आणि पोच घेतल्याशिवाय निघू नये. प्रारूप (कच्ची) यादी आली की नाव शोधा. गाळलं असेल तर हरकतीची मुदत तेव्हाच असते. अंतिम यादीनंतरही उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या थोडं आधीपर्यंत अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

शिक्षक मतदारसंघात मागच्या ६ वर्षांत एकूण ३ वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं हवं. त्यामुळे नुकतेच निवृत्त झालेलेही बसतात, पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले शिक्षक बाहेर राहतात. हे अन्यायाचं आहे. ते पदवीधर असतील तर त्यांनी नमुना १८ तरी भरावाच. आणि पदवीधर मतदारसंघातला उमेदवार स्वतः पदवीधर असायलाच हवा असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

मतदान यंत्रावर नाही, कागदावर होतं. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच पसंतीक्रम लिहायचा. खिशातलं पेन वापरलंत तर मत बाद. १, २, ३ असे अंक, मराठीतही चालतात. पण 'एक' असं अक्षरी, बरोबरची खूण, सही यातलं काही नको. १ हा अंक एकाच नावापुढे. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. तेवढी कुणाला मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. फक्त १ लिहिलात तरी मत वैध आहे, पण तुमचा उमेदवार बाद झाला की ती मतपत्रिका पुढच्या फेऱ्यांत कुणाच्याच खात्यात मोजली जात नाही. म्हणून दुसरी-तिसरी पसंतीही विचार करून भरा.