वेल्डिंगच्या धुरावर पाण्याची मिस्ट: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या फॅब्रिकेशन शेडमधे उन्हाळ्याआधी धूर-धूळ पकडायला मिस्ट, म्हणजे पाण्याचा एकदम बारीक फवारा, बसवली, आता पावसाळा संपत आलाय. टेबलावर धूर ओढून घेणारा हूड, डक्ट, मधे पत्र्याची पेटी, पेटीत बारीक नोझल, पुढं डिमिस्टर (हवेतले थेंब अडवणारी जाळी) आणि मग ब्लोअर, एवढंच.

ग्राइंडिंगची धूळ आणि ठिणग्या पेटीत लई भारी बसतात, ब्लोअरच्या पंख्यावर थर साचायचा तो जवळपास बंदच झाला. पण आर्कमधनं, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या वेल्डिंगच्या ज्योतीतनं, उठतो तो निळसर धूर बराचसा तसाच बाहेर पडतोय, एक्झॉस्टच्या तोंडाला पांढरं फडकं धरा, काळं होतंय. कारण या धुराचे कण बहुतेक 1 मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि फॉगिंग नोझलचा थेंब 10 मायक्रॉनच्या वरचा, मग एवढा हलका कण थेंबाला धडकत नाही, हवेबरोबर वळसा घालून निघून जातो. धुळीच्या जड कणाला वळता येत नाही म्हणून तो सापडतो. व्हेंच्युरी स्क्रबरमधे अरुंद गळ्यातनं पाण्याबरोबर हवा जोरात पळवून बारीक कणही धरतात, पण त्याला ब्लोअर मोठा लागतो आणि लाइटबिलही. ओझोन, कार्बन मोनॉक्साइड तर पाण्याला दादच देत नाहीत.

बोअरच्या पाण्यानं नोझल सारखे तुंबायचे, पाण्यातला क्षार काढणारा सॉफ्टनर लावल्यावर थांबलं. आणि कुणी सांगितलं की शेडमधे सरळ फवारा मारा, तर अजिबात ऐकू नका भावांनो. ओल्या फरशीवर शॉकची भीती, आणि 7018 चा (कमी हायड्रोजनवाला) वेल्डिंग रॉड ओल धरला की वेल्डला हायड्रोजनचे क्रॅक.

पेटीत साचणाऱ्या गाळाचं आणि घाण पाण्याचं कुणी बोलतच नाही. स्टेनलेसच्या धुरातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) पाण्यात उतरतं, ते पाणी गटारात सोडलं की जयंती नाल्यातनं पंचगंगेत. आम्ही ते ड्रममधे साठवून घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत एजन्सीला देतो, हा खर्च आधीच धरा.

2017 साली आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) वेल्डिंगचा धूर, साध्या माइल्ड स्टीलचासुद्धा, कॅन्सर करणाऱ्या गट 1 मधे टाकलाय. पोरं दिवसभर त्यातच वाकून असतात हो, मग धूर दिसेनासा झाला एवढ्यावर समाधान मानणं मला पटत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी आर्कपासून फूटभरावर आणता येईल असा हलता हूड आणि कोरडा कार्ट्रिज फिल्टर घ्या. हा फिल्टर मिस्टच्या मागं जोडू नका, ओल्या हवेनं त्याच्यावर चिखल बसून तो चोंदतो. आम्ही आता मिस्टची पेटी फक्त ग्राइंडिंगच्या लाइनला हलवतोय, वेल्डिंगच्या टेबलांना हलते हूड येतायत, आणि ते येईपर्यंत सगळ्यांना एन95 मास्क सक्तीचा.