सिंधुदुर्ग की विजयदुर्ग?

"एकच दिवस आहे, कुठला किल्ला बघू?" असं पाहुणे हमखास विचारतात.

सिंधुदुर्ग मालवणजवळच्या कुरटे बेटावर, त्यामुळे होडीशिवाय गत्यंतर नाही. समुद्र खवळला की होड्या थांबतात, पावसाळ्यात तर बंदच. विजयदुर्ग देवगड तालुक्यात, जमिनीला जोडलेला. आजी-आजोबा होडीत चढायला बिचकत असतील तर एवढ्यावरच निर्णय होतो.

वेळेचंही तसंच. सिंधुदुर्गावर होडीच्या परतीकडे लक्ष ठेवावं लागतं आणि तटावरून फिरायचं राहून जातं. विजयदुर्गावर ती घाई नाही, फक्त उन्हाआधी जा.

पाहायचं म्हणाल तर सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरू केलं. महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! तिथे थांबाच. तरी मला स्वतःला विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी जास्त आवडते. वाघोटन खाडीच्या मुखावर ती काय जरब बसवत असेल!

मुलं बरोबर असतील, पहिलीच कोकणवारी असेल तर सिंधुदुर्ग. वयस्कर मंडळी असतील, होड्या बंद असतील किंवा निवांत दगड न् दगड बघायचा असेल, तर विजयदुर्ग.