दुरावलेल्या जुळ्या बहिणींच्या दोन कादंबऱ्या: आधी कोणती वाचाल?

डायान सेटरफील्डची ‘द थर्टीन्थ टेल’ (२००६) आणि ऑड्री निफेनेगरची ‘हर फिअरफुल सिमेट्री’ (२००९). दोन्ही इंग्रजी, दोन्ही चारशे पानांच्या घरातल्या. दोन्हींत जुळ्या बहिणी आहेत आणि घरच्यांनी वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली एक भानगड आहे. सुट्टीत एकच वाचून होणार असेल तर मी सेटरफील्ड म्हणेन. का, ते सांगते.

तिची नायिका मार्गारेट वडिलांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात वाढलेली. दहा वर्षांची असताना आईवडिलांच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात तिला कागद सापडतात आणि कळतं, की आपल्यालाही एक जुळी बहीण होती. पुढे व्हिडा विंटर ही नामांकित लेखिका तिला यॉर्कशायरला बोलावते, आत्मचरित्र सांगायला. ही बाई आजवर प्रत्येक पत्रकाराला वेगळीच थाप मारत आलेली. ती सांगते एंजलफील्डच्या पडझड झालेल्या वाड्याची आणि तिथल्या ॲडलीन-एमलीन या जुळ्यांची गोष्ट. ती ऐकताना सर्वनामांकडे लक्ष ठेवा. बाई ‘मी’ कधी म्हणते, ‘आम्ही’ कधी, ‘त्या’ कधी? खरी किल्ली तिथेच आहे, आणि ती पहिल्यापासून उघड्यावर ठेवलेली आहे. (मराठी अनुवाद करणाऱ्याची यात कसोटी लागेल. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं.) शेवट कळल्यावर मी पहिली पन्नास पानं पुन्हा वाचली. कुठेही फसवलेलं नव्हतं.

निफेनेगरकडे दुरावा जास्त खरा आहे. एडी आणि एल्स्पेथ या बहिणींनी वीस वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. एल्स्पेथ ल्युकेमियाने जाते आणि लंडनच्या हायगेट स्मशानभूमीला लागून असलेला फ्लॅट एडीच्या जुळ्या मुलींच्या नावे करते. अट अशी: मुलींनी विकण्याआधी वर्षभर तिथे राहायचं, पण त्यांच्या आईवडिलांनी उंबरठासुद्धा ओलांडायचा नाही. मृत्युपत्रातून भांडण चालू ठेवणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत, त्यामुळे ही सुरुवात मला फार भावली.

शिवाय हायगेट. १८३९ साली सुरू झालेली ही जागा, तिथल्या वेली चढलेल्या कबरी, पर्यटकांना फिरवणारे मार्गदर्शक, हे सगळं लेखिकेला आतून माहीत आहे, कारण ती स्वतः तिथे मार्गदर्शकाचं काम करायची. वरच्या मजल्यावरचा मार्टिन, शब्दकोडी रचणारा आणि स्वच्छतेच्या वेडापायी घराबाहेर न पडणारा, जुळ्यांपेक्षाही जास्त लक्षात राहतो.

घोळ पुढे होतो. एल्स्पेथचं भूत फ्लॅटमध्येच आहे, आणि अर्ध्यानंतर रहस्यकथा बाजूला राहून भूतकथा सुरू होते. बहिणींचं गुपित फुटतं तेव्हा कोण नक्की कोण, हे जुळवायला मी कागद-पेन घेऊन बसले आणि तरी मनात आलं, एवढ्यासाठी वीस वर्षं? शेवट तर सरळ क्रूर आहे. काहींना तोच आवडतो.

भुताखेतांची आवड असेल किंवा लंडनला जायचा बेत असेल, तर निफेनेगर आधी घ्या. ‘थर्टीन्थ टेल’वर बीबीसीने २०१३ मध्ये टीव्हीपट केला, त्यात व्हनेसा रेडग्रेव्ह आणि ऑलिव्हिया कोलमन आहेत. पुस्तक संपेपर्यंत तो मात्र बघू नका.