मेटल हेड की सिरॅमिक हेड? दोन्ही खुबे बदललेल्या माणसाचं मत

एव्हीएनमुळे, म्हणजे रक्तपुरवठा थांबून खुब्याचं हाड मरतं त्या आजारामुळे, माझे दोन्ही खुबे बदलले आहेत. उजवीकडे कोबाल्ट-क्रोमचं मेटल हेड (सांध्याचा गोळा) आहे, डावीकडे नंतर बसवलेलं गुलाबी सिरॅमिकचं. लायनर, म्हणजे वाटीतलं अस्तर, दोन्हीकडे क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन या कमी झिजणाऱ्या प्लास्टिकचं; स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात बसणारे दांडे, टायटॅनियमचे. म्हणजे फरक काय तो गोळ्याचा. तलावपाळीला चकरा मारताना किंवा ठाणे स्टेशनचा जिना चढताना मला तरी दोघांत डावं-उजवं करता येत नाही.

फरक आहे तो शरीर त्यांना कसं वागवतं यात. लायनर झिजतं, त्याचे सूक्ष्म कण सुटतात. मॅक्रोफेज या संरक्षक पेशी ते गिळतात, पण प्लास्टिक पचत नाही. मग त्या टीएनएफ, इंटरल्यूकिनसारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात, हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात, आणि एकही जंतू नसताना इम्प्लांट सैल होतं. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन आल्यापासून हा त्रास बराच कमी झाला आहे, त्यामुळे इथे लायनर कमी झिजवणारं सिरॅमिक सरस असलं तरी थोडंच.

मेटलचा प्रश्न वेगळा. गोळा स्टेमवर बसतो त्या जोडावर बारीक हालचाल होते, गंज धरतो, कोबाल्ट-क्रोमियमचे आयन सुटतात. ते प्रथिनांना चिकटले की काहींच्या रोगप्रतिकारक टी-पेशी त्यांच्यावर उठतात. जांघ दुखते, सांध्यात पाणी होतं, कधी गाठही येते. मेटलच्या वाटीत मेटलचा गोळा असलेल्या सांध्यांत हे फार झालं. डेप्यू कंपनीने आपले असेच एएसआर हिप २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. पॉलिथिलीनवरच्या मेटल हेडमध्ये हे क्वचितच घडतं, हे मान्य.

पण त्या ‘क्वचित’नेच मला छळलं. एका पावसाळ्यात उजवी जांघ ठसठसू लागली आणि डॉक्टरांनी रक्तातलं कोबाल्ट तपासायला सांगितलं. त्याला साधी नळी चालत नाही, ट्रेस एलिमेंटची, म्हणजे अत्यल्प धातू मोजण्यासाठीची, गडद निळ्या टोपणाची लागते. नौपाड्यातल्या नेहमीच्या लॅबमध्ये ती नव्हती. दुसरीकडे मिळाली, तिथे सुईच्या धातूचा अंश नको म्हणून सुरुवातीचं रक्त बाजूला काढलं. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला धड झोप नव्हती. आकडा नॉर्मल निघाला. दुखत होता तो स्नायूचा कंडरा. तरी आजही उजवीकडे जरा कळ आली की बायको आधी विचारते, “पुन्हा ती टेस्ट करायची का?” डावीकडे दुखलं तर शेक घेतो आणि झोपतो.

सिरॅमिक महाग आहे. क्वचित फुटतंही, आणि फुटलं तर पुढचं ऑपरेशन किचकट होतं. आत राहिलेले कण मेटल हेडला खरवडतात, म्हणून पुन्हा सिरॅमिकच बसवावं लागतं. वय पंच्याहत्तरीपुढचं असेल तर मेटलवर भागवावं, असं मला वाटतं. घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याने पुरळ येणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं आधीच सांगावं. मात्र त्वचेवरच्या पॅच टेस्टवरून सांध्यात काय होईल ते खात्रीने कळत नाही. साठीच्या आतल्यांनी जमत असेल तर इतर खर्चाला कात्री लावून सिरॅमिक हेड घ्यावं, आणि स्टेम कोबाल्ट-क्रोमचा नसून टायटॅनियमचाच आहे ना, हे ऑपरेशनआधी विचारून घ्यावं.