फोन नंबर डेटाबेसमध्ये ठेवायचा कसा? चार वाटा, समोरासमोर

लालबागच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं रजिस्टर संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा दोन दिवस सकाळी मी काउंटरमागे स्टूल टाकून बसलो होतो. फोनच्या रकान्यात काय काय असतं ते तेव्हा पाहिलं. ‘९८२००…’. खाली ‘०२२-२४…, चारनंतर’. मग ‘मुलगा दुबईला, +९७१…’. एका ओळीत तिरक्या रेघेने जोडलेले दोन नंबर. आणि एका आजींच्या नावापुढे नुसतं ‘शेजारी निरोप द्यावा’.

हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये नेताना रकान्याचा प्रकार कोणता ठेवायचा, हा प्रश्न पाच मिनिटांत उरकला जातो आणि पुढे अनेक वर्षं त्रास देतो. तुम्ही आज त्याच जागी असाल, तर चारही वाटा मी वापरून पाहिल्या आहेत. प्रत्येकीबद्दल माझं मत सांगतो.

पूर्णांक म्हणून ठेवणं

नको. दोन फोन नंबरांची बेरीज कधी कुणाला करावी लागत नाही. तरी ‘नंबर’ या शब्दाला भुलून अनेकजण तिथे पूर्णांकाचा रकाना करतात. ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही आणि आपले मोबाइल तर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये स्ट्रिक्ट मोड (न मावणारी माहिती नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर ते तक्रारही करत नाही, सरळ तो कमाल आकडा लिहून मोकळं होतं. मग यादीत प्रत्येक ग्राहकाचा नंबर २१४७४८३६४७ दिसतो आणि खरे नंबर कायमचे गेलेले असतात.

मोठा पूर्णांक घेतला तर नंबर मावतो, पण पुढचं शून्य गळतं. ०२२ चं २२ होतं. त्यापुढे मुंबईचा आठ आकडी लँडलाइन लागला की दहा आकडे भरतात आणि तो मोबाइलसारखा दिसू लागतो. मुंबईपुरतं सुरुवातीच्या २ वरून ओळखता येईल. बेंगळुरूच्या ०८० चं काय? शून्य गळलं की ८० ने सुरू होणारे दहा आकडे उरतात आणि ८०८० ने सुरू होणारे मोबाइलही आहेतच. फरक पुढच्या आकड्यांत असतो, पण ती यादी तुम्ही पाठ करणार नाही.

जसं टाइप केलं तसं, मजकूर म्हणून

या वाटेचा एक मोठा गुण आहे: काहीच हरवत नाही. ‘चारनंतर’ हेसुद्धा राहतं. पण शोध लागत नाही. तोच नंबर एकदा शून्य लावून, एकदा +९१ लावून, एकदा मध्ये जागा सोडून लिहिला की एका पेशंटची तीन खाती होतात. मोबाइलच्या कॉन्टॅक्टमधून कॉपी केलेल्या नंबराला कधीकधी डोळ्यांना न दिसणारी दिशादर्शक अक्षरं चिकटलेली असतात. दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसतात आणि तुलना मात्र ‘वेगळं’ म्हणते.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. लोक देवनागरी आकड्यांतही नंबर टाइप करतात. पायथन ३ मधली ‘कोणताही अंक’ ही रेगेक्सची (मजकुरातला नमुना तपासण्याच्या भाषेची) खूण देवनागरी अंक ओळखते, जावास्क्रिप्टमधली ओळखत नाही. म्हणजे फॉर्म जावास्क्रिप्टमध्ये तपासला आणि सर्व्हर पायथनमध्ये असला, तर फॉर्म नाकारतो आणि सर्व्हर स्वीकारतो, असा प्रकार होऊ शकतो.

ई.१६४ : एकच प्रमाण रूप

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं हे मानक. अधिकाची खूण, देशाचा कोड, मग देशांतर्गत नंबर. सगळे मिळून जास्तीत जास्त १५ आकडे, मध्ये जागा नाही, रेघ नाही. सोळा अक्षरांचा मजकुराचा रकाना पुरतो. शोध सोपा होतो, दुबार नोंदी सापडतात, एसएमएस पाठवणाऱ्या बहुतेक सेवांना हेच रूप चालतं. व्हॉट्सअॅपची थेट चॅट उघडणारी लिंकही याच रूपातून बनते, फक्त अधिकाची खूण काढून.

निवड एकच करायची असेल तर मी हीच करीन. पण लोकांनी लिहिलेल्या नंबरावरून हे रूप बनवायचं कसं, खरी चूक तिथे होते आणि मीही ती केली आहे. पहिल्या आवृत्तीत मी नियम लिहिला होता: सुरुवातीला ९१ असेल तर काढा, ० असेल तर काढा, मग +९१ लावा. दोन दिवसांनी काउंटरवरच्या ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “सर, या पेशंटचा नंबर आठच आकडी आलाय.” नंबर ९१६७ ने सुरू होणारा साधा मोबाइल होता. माझ्या नियमाने त्याचेच पहिले दोन आकडे देशाचा कोड समजून कापले होते. अशा नंबरांवर गेलेले रिपोर्टचे मेसेज कुणालाच मिळाले नव्हते. एक काका तर रिपोर्ट आला नाही म्हणून दोनदा जिने चढून आले होते. ती गोष्ट मला अजून लागून आहे.

मी ताईंना म्हटलं, निदान शून्य तरी लिहू नका. त्या म्हणाल्या, “लोक शून्य लावूनच सांगतात हो.” त्यांचं बरोबर होतं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावंच लागतं. शून्य काढायचं काम माणसाचं नाही, प्रोग्रॅमचं आहे. तेही सरसकट नाही: इटलीत १९९८ पासून लँडलाइनचं सुरुवातीचं शून्य परदेशातून लावतानाही ठेवावं लागतं. रोमचा नंबर +३९ ०६ असाच सुरू होतो.

म्हणून स्वतः नियम लिहू नका. गूगलची लिबफोननंबर ही मुक्त लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, घ्या. जावा, सी++ आणि जावास्क्रिप्टसाठी ती मूळ रूपात आहे, बाकी बहुतेक भाषांत तिची रूपांतरं आहेत. तिला मजकूर आणि गृहीत धरायचा देश द्यायचा, ती नंबर उकलून देते. जावा आवृत्तीला देवनागरी अंकही कळतात. जावास्क्रिप्टच्या मूळ आवृत्तीला मात्र ते आधी बदलून द्यावे लागतात. तिच्यात दोन वेगळ्या तपासण्या आहेत: नंबर ‘शक्य’ आहे का, म्हणजे लांबी बरोबर आहे का, आणि ‘वैध’ आहे का, म्हणजे ठाऊक असलेल्या मालिकेत बसतो का. फॉर्मवर अडवायला पहिलीच वापरा. मोबाइलच्या नव्या मालिका सुरू होत असतात आणि तुमची लायब्ररी जुनी राहिली तर खऱ्या नंबराला ती खोटं ठरवेल. पेशंटला “तुमचा नंबर चुकीचा आहे” असं सांगायचा अधिकार जुन्या यादीला देऊ नये.

ई.१६४ मध्ये न बसणाऱ्या गोष्टीही आहेत. एक्स्टेन्शन, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य नंबरामागचा आतला नंबर, बसत नाही. महापालिकेचा १९१६ किंवा आपत्कालीन ११२ बसत नाही. त्यांना +९१ लावून ठेवलंत तर तो नंबर लागणार नाही.

तुकडे करून : देश, शहर, नंबर, एक्स्टेन्शन

ही वाट कागदावर सगळ्यांत नीटनेटकी दिसते. मोठ्या कार्यालयांचे बोर्ड नंबर आणि एक्स्टेन्शनं ज्यांच्याकडे खूप आहेत, त्यांनी ती जरूर विचारात घ्यावी. पण शहराचा कोड वेगळा काढायचा मोह आवरा. ०२२ म्हणजे मुंबई असं धरलंत तर ठाणे आणि नवी मुंबईही त्यातच येतात, आणि कल्याण-डोंबिवली ०२५१ मध्ये जातात. मोबाइलला तर शहराचा कोडच नसतो. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनीही कळत नाही.

लिबफोननंबर स्वतः आतून तुकडेच ठेवते, पण वेगळ्या शहाणपणाने: देशाचा कोड, उरलेला सगळा नंबर एकत्र, एक्स्टेन्शन, आणि इटलीसारख्यांसाठी ‘पुढे शून्य आहे’ अशी वेगळी खूण. तुकडे करायचेच असतील तर हीच विभागणी उचला. शहराचा रकाना वेगळा नको.

बाहेरच्या सॉफ्टवेअरला नंबर द्यायचा असेल तेव्हा २००४ च्या आरएफसी ३९६६ या इंटरनेट मानकातलं ‘टेल’ रूप बघा. त्यात एक्स्टेन्शन जोडता येतं, आणि १९१६ सारख्या स्थानिक नंबराला ‘हा +९१ च्या संदर्भातला’ अशी चिठ्ठी लावता येते. साठवणीसाठी मात्र ते अवजड आहे.

लॅबमध्ये शेवटी काय केलं

दोन रकाने ठेवले. एकात ताईंनी टाइप केलं ते जसंच्या तसं, दुसऱ्यात त्यातून निघालेलं ई.१६४ रूप. दुसरा रकाना रिकामा राहू शकतो. तसा राहिला तर मेसेज जात नाही आणि ओळ पिवळी होते. लायब्ररी सुधारली की पहिल्यावरून दुसरा पुन्हा बनवता येतो. ज्यांनी फक्त साफ केलेलं रूप ठेवलं, त्यांना ही सोय उरत नाही.

ई.१६४ च्या रकान्यावर ‘एकाच पेशंटचा’ अशी अट मी लावली नाही. चाळीतल्या एका घरात सासू, सून आणि नातू तिघांच्या नावापुढे सुनेचाच मोबाइल असतो. अट लावली असती तर तिसऱ्याची नोंदच झाली नसती. नंबरांचं वेगळं टेबल केलं, प्रत्येक पेशंटशी जोडताना नातं लिहायची जागा ठेवली: स्वतः, मुलगा, सून, शेजारी. ‘शेजारी’ असेल तर रिपोर्ट पाठवायचा नाही, फक्त ‘लॅबला फोन करा’ एवढंच.

जुनं रजिस्टर भरताना एक्सेलपासून सांभाळा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) सरळ उघडली की ते +९१ मधली अधिकाची खूण खातं आणि बारा आकड्यांचा नंबर ९.१२E+११ असा दाखवतं. तशीच सेव्ह केलीत तर शेवटचे आकडे गेले. रकाना आधीच ‘मजकूर’ ठरवून आयात करा. आमच्या पिवळ्या ओळी ताईंनी दुपारच्या मोकळ्या वेळात एकेक करून लावल्या. आजींच्या ओळीसाठी त्यांनी खालच्या वाण्याकडे चौकशी केली आणि शेजारच्या काकूंचा मोबाइल मिळवला. आता त्या ओळीत नंबर आहे आणि नात्याच्या जागी ‘शेजारी’.