जुना फ्लॅट घेण्यापूर्वी करून घेतलेली तपासणी: साडेआठ हजारांचा अनुभव

कोथरूडमधील १९९६ सालच्या इमारतीत, तिसऱ्या आणि शेवटच्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही ८६ लाखांना ठरवला. विसार म्हणून फक्त ५१ हजार दिले आणि ‘तपासणीत मोठे दोष आढळल्यास किमतीचा फेरविचार होईल’ ही ओळ विसार पावतीवर लिहून घेतली. एजंटला ती अजिबात रुचली नाही. त्यानंतर घरतपासणी करणाऱ्या एका पुण्यातील संस्थेला ८,५०० रुपये देऊन बोलावले, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

तपासणीसाठी आलेले अभियंते सुमारे तीन तास घरात होते. (कर्जासाठी बँकेने पाठवलेले मूल्यांकनकार वीस मिनिटांत गेले होते, पण त्यांचे काम घराचे मोल ठरवण्याचे, गळती शोधण्याचे नव्हे.) ऑगस्टचा पाऊस पडून गेलेला होता आणि बेडरूमची भिंत नुकतीच रंगवलेली होती. थर्मल कॅमेऱ्यात त्या कोऱ्या रंगामागे छतापासून खिडकीपर्यंत निळा पट्टा उमटला, मात्र कॅमेरा तापमानातील फरक दाखवतो, पाणी नव्हे, असे सांगून त्यांनी ओलावा मोजण्याच्या यंत्राने तीच जागा पुन्हा तपासली. बाथरूमच्या फरशा ठोकल्यावर निम्म्या ठिकाणी पोकळ आवाज आला. तेव्हा ते सरळ दुसऱ्या मजल्यावर गेले आणि त्यांनी दारातच विचारले, “ताई, तुमच्या बाथरूमचे छत बघू का?” त्या ताई जणू कुणी तरी विचारण्याची वाटच पाहत होत्या. छताला पांढरे क्षार फुटलेले होते, आणि ही तक्रार दोन वर्षांपासूनची होती.

अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. त्यात ३८ शेरे होते, परंतु कपाटाची सैल मूठ आणि बाल्कनीच्या स्लॅबमधील गंजून फुगलेल्या सळया यांना सारखाच मान दिलेला होता, ही मला मोठी उणीव वाटते. किमतीशी संबंध असलेले शेरे जेमतेम चार होते आणि ते आम्हालाच वेचून काढावे लागले. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाजही अहवालात नव्हता, त्यामुळे तो वेगळ्या ठेकेदाराकडून घेतला: दोन्ही बाथरूमचे वॉटरप्रूफिंग व फरशा १,६०,०००, बाल्कनी ७०,०००, अर्थिंग व आरसीसीबीसह (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) वायरिंग ४५,००० आणि बेडरूमचे प्लास्टर व रंग २५,०००, म्हणजे एकूण तीन लाख.

याउलट, कोणती गळती कोणाच्या पदरात पडते हे अहवालात नेमके लिहिले होते, आणि वाटाघाटीत खरा उपयोग त्याचाच झाला. गच्चीतून उतरणारे पाणी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) सोसायटीने थांबवायचे असते, म्हणून तो खर्च आम्ही विक्रेत्यांकडे मागितलाच नाही. बाथरूमची गळती मात्र फ्लॅटधारकाची, म्हणजे खरेदीनंतर आमच्या गळ्यात येणारी. “जुन्या घरात एवढे तेवढे चालायचेच,” असे विक्रेते काका प्रथम म्हणाले, परंतु खालच्या घरातील छताचा फोटो पाहिल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. काकूंनीच मग, “अहो, त्या दोनदा येऊन सांगून गेल्या होत्या,” अशी आठवण करून दिली. शेवटी सव्वादोन लाख कमी होऊन सौदा ८३ लाख ७५ हजारांवर पक्का झाला. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी दरपत्रकाचे, मूल्य याहूनही कमी असल्यामुळे सात टक्के दराने मुद्रांक शुल्कातही १५,७५० रुपये वाचले, म्हणजे तपासणीची फी तेवढ्यातच वसूल झाली.

पाचपैकी चार गुण देईन. एक गुण खर्चाच्या अंदाजासाठी कापला आहे, शिवाय गच्चीची किल्ली मिळाली नाही म्हणून गच्ची न पाहताच ते परतले आणि पुन्हा येण्याचे वेगळे पैसे मागितले, तेही खटकले.

ऑक्टोबरमध्ये बाथरूम फोडले, तेव्हा फरशीखालचा कोबा भिजून काळा पडलेला निघाला. खालच्या ताई तो पाहायला मुद्दाम वर आल्या होत्या.