बी.ए. ला इंग्लिश लिटरेचर + राज्यशास्त्र : जोडी झक्कास, शिकवणी ठीकठाक

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरात एकच चर्चा, बी.ए. ला विषय कोणते घ्यायचे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात उत्तर ठरलेलं आहे, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, नाहीतर समाजशास्त्र नाहीतर होम इकॉनॉमिक्स. इंग्लिश लिटरेचर घेणारे पोट्टे बोटावर मोजण्याइतके. मी घेतलं होतं, सोबत राज्यशास्त्र, अमरावती विद्यापीठाचा जुना पॅटर्न होता तेव्हा (कंपल्सरी इंग्रजी वेगळं अन् लिटरेचर वेगळं, हे लोकांना सांगून सांगून तोंड दुखते). आता चुलत भाऊ नवीन पॅटर्नमध्ये हीच जोडी घेऊन शिकून राहिला, त्याची पुस्तकं-नोट्स माझ्याच पुढ्यात पडलेल्या असतात, म्हणून दोन्हीचा मिळून रिव्ह्यू टाकते. कॉलेजचं नाव टाकत नाही, कारण आजूबाजूला चौकशी केली तर थोड्याफार फरकानं सगळीकडे हीच गत.

आधीच सांगून देते, जोडीला पाचपैकी साडेचार, अन् ती जोडी शिकवायच्या पद्धतीला अडीच.

अडीच काहून ते सांगते. फर्स्ट शिफ्टला राज्यशास्त्राचे सर हॉब्ज नावाचा इंग्रज राजकीय विचारवंत शिकवायचे. सामाजिक करार, निसर्गावस्था, सार्वभौम सत्ता, सगळं मुद्द्यांत, १ ते ७, लिहून घ्या. दुपारी लिटरेचरच्या मॅडम मिल्टन नावाचा इंग्रज कवी शिकवायच्या, महाकाव्याची लक्षणं, ग्रँड स्टाईल, तेही लिहून घ्या. अन् हे दोघं एकाच इंग्लंडात, एकाच काळात, राजा अन् संसदेच्या एकाच भांडणाच्या दोन बाजूंना उभे होते हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही बाप्पा! १६४९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या लोकांनी आपल्याच राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं उडवलं. मिल्टननं त्याच वर्षी राजाला शिक्षा द्यायचा जनतेला हक्क आहे असं लिहून टाकलं अन् नवीन सरकारात नोकरीला लागला, परदेशाशी लॅटिनमध्ये पत्रव्यवहार करायचं काम. हॉब्ज भांडण पेटायच्या आधीच १६४० ला पॅरिसला निघून गेला होता, तिथं त्यानं मारलेल्या राजाच्या पोराला गणित शिकवलं, अन् १६५१ ला लेव्हायथन हा ग्रंथ छापला, ज्याचा सगळा सूर असा की माणसाला मोकळं सोडलं तर एकमेकांच्या उरावर बसतील, म्हणून वर एक जबरदस्त सत्ता पाहिजेच. पुढं १६६० ला तेच पोरगं राजा होऊन परत आलं तर मिल्टनला अटक झाली, पुस्तकं जाळली, डोळे तर आधीच गेले होते, अन् त्यानंतर १६६७ ला पॅराडाईज लॉस्ट हे त्याचं महाकाव्य आलं. आता सांगा, ही एवढी गोष्ट माहीत असल्यावर 'हॉब्जचे विचार स्पष्ट करा' हा प्रश्न किती वेगळा वाटते! मुद्दे पाठ करायची गरजच राहत नाही, आपोआप लक्षात राहते की हा माणूस एवढा घाबरलेला काहून होता.

हे मला कुठून समजलं तर इग्नूच्या (दिल्लीचं मुक्त विद्यापीठ) बी.ए. च्या पुस्तकांतून. ईज्ञानकोश म्हणून त्यांची साईट आहे, सगळी पीडीएफ फुकट, आपण इग्नूचे विद्यार्थी असलो नसलो तरी उतरवता येते. राज्यशास्त्राचं हिंदीतही सापडते. गाईडवर खर्च करण्याआधी ते पहा एकदा.

त्या पॅराडाईज लॉस्टच्या दुसऱ्या भागाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. सैतान अन् त्याची गँग देवाविरुद्ध बंड करून हरलेली आहे, नरकात पडलेली आहे, अन् तिथं ते सभा भरवतात की आता पुढं काय. एक मोलोक, तो म्हणते लढाईच करा, जे व्हायचं ते होऊन जाऊ द्या. दुसरा बेलियल, गोड बोलणारा, तो म्हणते कशाला उगाच, गप्प बसू, देवाचा राग आपोआप शांत होईल. तिसरा मॅमन म्हणते इथंही सोनंनाणं आहे, इथंच चांगली वस्ती करू. टाळ्या मॅमनलाच पडतात. अन् मग उठते बिल्झिबब, सगळ्यात वजनदार माणूस, तो म्हणते देवानं नवीन एक जग केलं आहे, तिथं माणूस म्हणून प्राणी ठेवला आहे, त्यालाच नासवू. ठराव पास. अन् मिल्टन हळूच सांगून देते की ही आयडिया मूळची सैतानाचीच होती, बिल्झिबबच्या तोंडून फक्त मांडून घेतली. मग जायला कोण तयार विचारलं तर सगळे मुंड्या खाली, अन् सैतान एकटा छाती पुढं काढून उभा राहते, म्हणजे पुढारीपणही पक्कं!

ज्यानं आपल्याकडची ग्रामसभा एकदा तरी नीट बसून पाहिली त्याला हे समजवून सांगावं लागत नाही. ठराव कोणाचा, मांडला कोणी, अनुमोदन कोणी दिलं, अन् खरा कोणाच्या घरी आदल्या रात्री ठरला. मी तर मॅडमला वर्गातच म्हटलं की मॅडम हे तर आमच्या गावच्या समाजमंदिरातलं आहे, त्या हसल्या, म्हणाल्या पेपरात असं लिहू नको.

तिकडं राज्यशास्त्रात पंचायतींना घटनेत जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती होती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, वैशिष्ट्ये लिहा, दहा मार्क. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून, त्याच्यामागं वसंतराव नाईक समिती, ते आपल्या पुसदकडचे म्हणून सर इथं जरा खुलायचे, एवढंच. पण २ ऑक्टोबरला गावात ग्रामसभा असते, त्याच्या आधी महिलांची वेगळी घ्यावी लागते, तिथं जाऊन बसा अन् कोण काय बोलते ते लिहून आणा, असा गृहपाठ कधीच मिळाला नाही. गडचिरोलीतल्या मेंढा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर साऱ्या गावाचा हक्क, मिळवला, देशात सगळ्यात आधी मिळवणाऱ्यांत ते गाव आहे, पुढं स्वतःचा बांबू स्वतः विकला, हे आपल्या विदर्भातलं उदाहरण सोडून आमच्या नोट्समध्ये स्वित्झर्लंडची प्रत्यक्ष लोकशाही! स्वित्झर्लंड पाहिजेच, पण मेंढा इथून एसटीनं जाण्यासारखं आहे भाऊ.

लिटरेचरमध्ये मला सगळ्यात कामात आलेली गोष्ट म्हणजे शेक्सपियरच्या ज्युलियस सीझर नाटकातली, सीझरच्या खुनानंतरची ती भाषणं. मॅडमनी सिलॅबसच्या बाहेर जाऊन वाचून दाखवली होती, पंचायतीच्या निवडणुकीचे दिवस होते, गावोगावी भोंगे सुरू. आधी खून करणाऱ्या कटातला ब्रूटस बोलते, साधं, मुद्देसूद, गद्यात, लोकांना पटते. मग सीझरचा मित्र अँटनी येते अन् पद्यात बोलते, अन् सुरुवातीला ब्रूटसला एक वाईट शब्द न बोलता, त्याला पुन्हा पुन्हा सज्जन म्हणत म्हणत, लोकांना असं फिरवते की तेच लोक घरं जाळायला निघतात. अन् सीझरचं मृत्युपत्र वाचते, प्रत्येक नागरिकाला ७५ द्राक्मा (तिथली नाणी). रोख! पुढच्याच सीनमध्ये पिसाळलेली गर्दी सिन्ना नावाच्या एका कवीला धरते, तो ओरडून सांगते की मी तो कटवाला सिन्ना नाही, मी कविता करणारा सिन्ना, तर एक जण म्हणते मग कविता वाईट केल्या म्हणून मारा. राज्यशास्त्रात 'लोकमत' नावाचं प्रकरण होतं, लोकमत घडवणारी साधने, वृत्तपत्रे, सभा, आकाशवाणी. मी परीक्षेत सभेच्या मुद्द्याखाली अँटनीच लिहिला, अन् मार्क चांगले पडले, म्हणजे तपासणाऱ्याला आवडलं असावं.

उलट बाजूनंही फायदा होते. भारतात इंग्रजी शिक्षण आणा म्हणणारं मॅकॉलेचं २ फेब्रुवारी १८३५ चं टिपण दोन्ही विषयांत कुठं ना कुठं येतेच. मुंबई, कलकत्ता, मद्रास विद्यापीठं १८५७ ची, अन् खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याला पदवीचा वेगळा विषय म्हणून जागा मिळाली १८९० च्या दशकात! म्हणजे हा विषय आपल्यावर आला तोच राजकारणाच्या गाडीत बसून, मग दोन्ही वेगळे कसे शिकवता? अन् संविधान सभेतली भाषणं, ती तर माझ्या मते इंग्रजी गद्य म्हणूनच शिकवायला पाहिजेत. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण घ्या, राजकारणात समता येईल पण समाजात अन् पैशाअडक्यात विषमता राहील, ही विसंगती किती दिवस चालवायची, हा मुद्दा ते ज्या बांधणीनं चढवत नेतात ती पाहा, वाक्यं लहान, प्रश्न एकामागून एक. आमच्याकडे राज्यशास्त्रात त्याचा मराठी सारांश होता अन् लिटरेचरमध्ये ते नव्हतंच.

आता सर्व्हिस. लिटरेचरच्या मॅडम तासिका तत्त्वावर. चांगल्या शिकवायच्या, खरंच चांगल्या, पण ऑर्डर निघेपर्यंत पोळा होऊन जाते, तोपर्यंत वर्ग रिकामा. त्यातही मानधन दर तासावर, तेही वेळेवर नाही, मग दुसरीकडे बरं मिळालं की जातात, जाणारच ना, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गात विद्यार्थी कमी म्हणून लिटरेचरचा तास टाईमटेबलच्या शेवटी टाकतात, अन् आमच्याकडे जाणारी एसटी त्याच्या आधी सुटते. पासवर भाड्याचा तिसरा हिस्साच लागते हे खरं, पण गाडी गेल्यावर पास घेऊन काय चाटायचा? आम्ही प्राचार्यांना अर्ज दिला, त्यांनी तास वर घेतला, महिनाभर चालला, मग पुन्हा खाली. लायब्ररीत शेक्सपियर होता, सुटा सुटा, काहींची पहिली पानं गायब, पण होता. राज्यशास्त्राची संदर्भपुस्तकं सरांच्या कपाटात, मागितली की मिळत, सर स्वतः माणूस मोकळा, फक्त नोट्स पिवळ्या पडलेल्या.

मराठी मीडियमवाल्यांनी लिटरेचरला घाबरू नका असं मी म्हणणार नाही, पहिलं सेमिस्टर जडच जाते. राज्यशास्त्राचा पेपर मराठीत लिहिता येते, लिटरेचरचा इंग्रजीतच, त्यामुळं एका दिवशी पेन पळते अन् दुसऱ्या दिवशी अडते. नाटकं मोठ्यानं वाचा, घरचे हसले तर हसू द्या. आमचे मोठे बाबा ओट्यावरून ऐकायचे अन् म्हणायचे, "काहून वं, इंग्रजी अन् राजकारण शिकून लंडनची सरपंच होतं का?" त्यांना सभेचा तो सीन मराठीत सांगितला तर शेवटी म्हणाले, तो बिल्झिबब आपल्या गावात कोण ते मले माहीत आहे. नाव सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

नवीन पॅटर्नबद्दल. आता मेजर-मायनर (एक मुख्य विषय, एक दुय्यम) आहे, आमच्यासारखे तीन विषय सारख्या वजनाचे नाही. मेजरला क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं माप) भरपूर अन् मायनरला एकूण १८-२० च्या आसपास, म्हणजे भावानं इंग्रजी मेजर घेतलं तर राज्यशास्त्र चवीपुरतंच राहते. मला विचाराल तर हे नुकसान आहे, कारण पाश्चात्य राजकीय विचार पूर्ण केल्याशिवाय या जोडीची मजाच नाही. प्रत्येक कॉलेज पाहिजे ती जोडी देईलच असंही नाही, कागदावर स्वातंत्र्य अन् खिडकीवर "ते आपल्याकडे नाही".

पुढं काय होते, हे सगळे विचारतात. एम.ए. दोन्हीत करता येते, सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन बाहेरच्या केंद्रीय विद्यापीठातही जाता येते, तिथं राज्यशास्त्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असते म्हणून लिटरेचरवाले बुजत नाहीत, हा मोठा फायदा. नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) दोन्ही विषयांत आहे, पहिला पेपर १०० अन् दुसरा २०० मार्कांचा. यूपीएससीला राज्यशास्त्र अन् इंग्रजी साहित्य दोन्ही ऑप्शनलच्या यादीत आहेत पण घेता एकच येते, २५०-२५० चे दोन पेपर. तीन वर्षांचं एलएलबी आहे, बी.एड. आहे. नोकरी हातात आणून देणारी जोडी ही नाही, कोणी तसं सांगत असेल तर त्याला ॲडमिशनचा कोटा भरायचा असेल.

घ्यायचीच असेल तर फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात नाही, डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा की लिटरेचर कोण शिकवते, परमनंट आहे की तासिकावाले, दोन्ही विषयांचे तास एकमेकांवर येतात का, अन् शेवटचा तास किती वाजता सुटते. अन् मेजर कोणता, मायनर कोणता हे त्यांच्याकडून लिहून घ्या, तोंडी नको, भावाच्या वर्गातल्या दोन पोरींचं मायनर सप्टेंबरमध्ये परस्पर बदललेलं निघालं, त्या अजून खिडकीवर चकरा मारून राहिल्या.